अडलेल्यांची यादी

पेनसिल्व्हेनियात स्वस्तात घरं घेऊन विकायची तर सुरुवात यादीपासून होते. काउंटीच्या दप्तरात बरंच काही खुलं असतं: कोणाचा मालमत्ता कर थकला, कोणावर बँकेने कर्जवसुलीचा दावा लावला, कोणाचं मृत्युपत्र नोंदवायला वारस येऊन गेले. या याद्या एकमेकींशी ताडायच्या आणि जे नाव दोन-तीन ठिकाणी सापडेल ते वर घ्यायचं. धंद्यात अशा मालकाला ‘मोटिव्हेटेड सेलर’ म्हणतात. पत्रं आधी त्यांना जातात.

नोकरी सांभाळून मी आणि माझा भागीदार सध्या हेच करतो आहोत. एक्सेलमध्ये मी माणसांच्या अडचणींना गुण देतो. कर थकला, एक गुण. नवरा वारला, आणखी एक. शेरीफच्या लिलावाची तारीख लागली, तर दोन. आणि हाच मी, गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावरचा सगळ्यांत गरजवंत चुलतभाऊ हेरून एजंटाने गाठला की फोनवर त्या एजंटाचा उद्धार करतो.

मग पत्र. पिवळा रेघांचा कागद, हाताने लिहिल्यासारखी अक्षरं, पाकिटावर कंपनीचं नाव नाही, तिकीट जरा तिरकं. बिलासारखं दिसणारं पत्र पाठवायचं तर ‘हे बिल नाही’ असं ठळक छापावं लागतं, असा इथला केंद्रीय कायदा आहे. आमच्या पत्रात तसलं काही नाही, एकही वाक्य खोटं नाही. पण शेजारच्या गल्लीतल्या कोणा भल्या माणसाने बसून लिहिलंय असं वाटावं म्हणूनच ती अक्षरं निवडली आहेत, आणि हजार पाकिटं छापखान्यातून एकदम निघणार आहेत. उत्तर नाही आलं तर महिन्याने दुसरं, मग तिसरं. लिलाव जवळ येईल तसा मजकूर घाईचा. हा क्रम मीच आखला आहे.

हिशेब सांगतो. समजा, दुरुस्तीनंतर घर दोन लाख डॉलर्सना जाईल. त्याचे सत्तर टक्के म्हणजे एक लाख चाळीस हजार. दुरुस्तीचे चाळीस हजार वजा. उरले एक लाख. मालकाशी केलेला करार तिसऱ्या खरेदीदाराच्या हवाली करून दहा हजार आपण ठेवायचे, म्हणजे मालकाला नव्वद. ज्याला दोन ब्रोकर बोलावून भाव काढायला सवड आहे तो नव्वदला होकार कशाला देईल?

माझ्याकडे उत्तर तयार असतं. छत गळतंय, तळघरात पाणी, आत तीस वर्षांचं सामान, ब्रोकर हात लावत नाही. अशा माणसाला पंधरा दिवसांत रोख पैसे मिळाले तर लिलावापेक्षा बरंच की! हे खरं आहे, अशी घरं असतात. पण माझ्या यादीत पडक्या घरांसाठी रकानाच नाही. सगळे रकाने थकलेल्या माणसांचे आहेत.

मिनियापोलिसच्या जेराल्डीन टायलर यांचा सुमारे 2,300 डॉलर्स कर थकला होता. दंड-व्याज धरून तो 15,000 झाला, काउंटीने त्यांचा फ्लॅट 40,000ला विकला आणि वरचे पैसेही ठेवून घेतले. वरचे पैसे ठेवणं चूक होतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली एकमताने सांगितलं, तेव्हा बाई 94 वर्षांच्या होत्या. माझ्या एक्सेलमध्ये त्यांचं नाव अगदी वर आलं असतं.

पेनसिल्व्हेनियाने 2024मध्ये कायदा करून असे करार फिरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. सही केल्यापासून तीस दिवसांपर्यंत, किंवा त्याआधी व्यवहार पुरा झाला तर तोवर, मालकाला करार मोडता येतो. भागीदाराकडे परवाना आहे, त्यामुळे कागदोपत्री आम्ही स्वच्छ. पण विकणाऱ्याला शुद्धीवर यायला महिना द्यावा लागतो असं सरकारलाच वाटत असेल, तर सही कोणत्या अवस्थेत होते हे मला वेगळं सांगायला नको.

मृत्युपत्रांची यादी मी काढून टाकली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याइतकी माझी अडचण नाही. परराज्यात राहणारे, घर भाड्याने देऊन कंटाळलेले मालक ठेवले. पत्रात एक वाक्य घातलं: आमचा भाव बाजारापेक्षा कमी असेल, आधी ब्रोकरला विचारा. भागीदार म्हणतो, मग पत्र पाठवायचंच कशाला? त्याचं म्हणणं खोडता येत नाही, आणि पैसे गुंतले आहेत म्हणून मी पत्रं पाठवणार आहे.

तेव्हा अमेरिकेत घर असलेल्या वाचकांना एवढंच सांगणं: असं पिवळं पत्र तुमच्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या पेटीत आलं, तर सही करण्याआधी दोन ब्रोकरांकडून किंमत काढून घ्या. पत्र माझं असलं तरीही.