काटा काढावा, मग ठिगळ लावावे



वारकऱ्याची वाट मूळची पायांची. पण हल्ली एकादशीला कितीएक माळकरी स्कूटरवरून दर्शनास जातात. त्यात वावगे काही नाही. वाहन बदलले, वाटेवरचा काटा मात्र तोच आहे. आज त्या काट्याचाच विचार करू.

चिखलीहून खामगावकडे जाताना बल्लाळदेवीचे अमडापूर लागते. समजा, एक गृहस्थ कारभारणीला मागे बसवून शेगावास निघाला आहे. अमडापूर दोन किलोमीटर उरले, आणि गाडी मागून डोलू लागली. मागच्या चाकाची हवा गेली! अशा वेळी घाबरून करकचून ब्रेक मारला तर दोघेही रस्त्यावर पडतील. शहाणा माणूस हँडल दोन्ही हातांनी सरळ धरतो, ॲक्सिलेटर सोडतो, वेग आपोआप उतरू देतो आणि कडेला थांबतो. पण पुष्कळ जण म्हणतात, “गाव तर आलंच की!” आणि तसेच रेटतात. मग रिंगेखाली चेंगरून ट्यूब चिरते, टायरही कामातून जातो.

बाबांनो, त्या टायरात असते तरी काय? नुसती हवा. डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने बेलफास्ट शहरी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनविला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. डोळ्यांना न दिसणारी ती हवा आज दोन माणसांचा भार तोलते. घराचा भार तोलणारी वस्तूही अशीच दिसत नाही. तिचे नाव जिव्हाळा. तो असतो तोवर खाचखळगे जाणवत नाहीत. तो गेला की लहानसा खडाही हाडाला लागतो.

आता पंक्चरवाल्याचे काम पाहा. तो ट्यूब बाहेर काढतो, हवा भरून पाण्यात बुडवतो. बुडबुडे निघाले की भोक सापडले. ती जागा घासतो, सोल्युशन लावतो, ठिगळ चिकटवतो. पण ट्यूब परत बसविण्याआधी तो टायराच्या आतून हात फिरवतो. कशासाठी? काटा शोधण्यासाठी. बाभळीच्या काट्याचे टोक आत राहिले, तर नवे ठिगळ घेऊन माणूस चार पावले जातो न जातो तोच पुन्हा फुस्स!

आपले भांडण मिटविणे असेच असते. दोघे भाऊ बांधावरून अबोला धरतात. काल्याच्या दिवशी मंडळी दोघांना पुढे ओढतात, ते एकमेकांच्या पाया पडतात, डोळ्यांना पाणी येते. ते पाणी खोटे नसते हो! पण पेरणी आली की पुन्हा कुऱ्हाडीची भाषा. का? ठिगळ लागले, काटा आतच राहिला. थोरल्याने धाकट्याचा वीतभर बांध कोरला होता, तो परत दिला नाही. पाया पडणे सोपे, वीतभर जमीन सोडणे कठीण.

काहींची गाडी ट्यूबलेस टायराची असते. त्यात खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते, म्हणून धनी रोज हवा भरून चालवतो. आपणही दर सप्ताहाला कीर्तनात येऊन हवा भरून जातो, आणि आठ दिवसांत पुन्हा रिकामे! यात कीर्तनाला उणेपणा नाही. नाम मनाला उभारी देते. पण दुसऱ्याचे दाबून ठेवलेले आपल्याच हातांनी परत करावे लागते.

म्हणून सज्जनहो, घरातले चाक डोलू लागले की रेटू नका, थांबा. एकांतात आतून हात फिरवून पाहा. काटा बोटाला टोचेल, रक्तही येईल. टोचला म्हणजेच सापडला असे समजा. तो काढा, मग गळामिठी घाला. येत्या एकादशीला देवळात जाण्याआधी वाटेत भावाचे दार लागते. तेथे आधी थांबावे. विठुराया विटेवर उभाच आहे, त्याला थोडा उशीर चालेल.

राम कृष्ण हरि.