सुखाचें मोल

ज्या सुखासाठीं पदरची पै खर्च होत नाहीं आणि ज्यामुळें कोणाचें कांहीं बिघडतही नाहीं, त्या सुखाविषयीं नीतीचा विचार करण्याचें कारण काय, असा प्रश्न आमचे पुष्कळ वाचक करतील. चोरी, असत्य, लांच, परपीडा हे नीतिशास्त्राचे विषय होत. सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन रानांत जावें, चार फळें वेचावींत, संध्याकाळीं घरीं येऊन विस्तवापाशीं बसावें, यांत नीतीचा संबंध कोठें आला? आमचेंही मत फार दिवस असेंच होतें. तें ढळण्यास जो प्रसंग कारण झाला तो आपल्या देशांतला नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं स्कॉटलंडच्या पर्थशर परगण्यांत, टे नदीच्या खोऱ्यांतील एका खेड्यांत, एका स्नेह्यांच्या घरीं ऑक्टोबर महिना घालविण्याचा योग आम्हांस आला. तेथें जें पाहिलें व ऐकलें त्यावरून सुचलेले हे विचार आहेत.

शरद् म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पाऊस सरल्यावरचें धुतलेलें आकाश, पिकत आलेलें भात आणि कोजागरीचें चांदणें उभें राहतें. आपला शरद् म्हणजे उघडीप. स्कॉटलंडचा शरद् म्हणजे हळूहळू मिटत जाणें. छप्पन्न अंशांहून अधिक उत्तरेस असलेल्या त्या मुलखांत सप्टेंबरच्या अखेरीस दिवस रोज चार-पांच मिनिटांनीं आखूड होऊं लागतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें तासभर मागें घेतलीं कीं पांच वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. परंतु जातां जातां तो ऋतु जें देतो तें अल्प नसतें. ऑगस्टांत हेदरच्या फुलांनीं जांभळे झालेले डोंगर आतां तपकिरी होतात. ब्रॅकन नांवाचा नेचा गंजल्यासारखा तांबूस दिसूं लागतो. बर्चचीं पानें पिवळीं होतात. आणि सुईसारख्या पानांचीं झाडें सदा हिरवींच असावयाचीं ही आपली समजूत खोटी पाडून लार्च वृक्ष सोनेरी होतो व आपलीं पानें गाळून मोकळा होतो.

ज्या घरीं आम्ही उतरलों होतों तेथें पतिपत्नी, दहा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि मुलांचे आजोबा अशीं पांच माणसें होतीं. त्यांच्या सुखाचा पसारा फार थोडा. महिन्याच्या आरंभीं कुंपणांच्या कडेनें ब्रॅम्बल नांवाचीं काळीं, आंबटगोड रानफळें पिकलेलीं असत. तीं वेचावयास घरांतील लहानथोर डबे घेऊन निघत. काटे बोचत, बोटें जांभळीं होत, आणि डब्यांत पडलेल्या फळांपेक्षां पोटांत गेलेलींच अधिक भरत. उरलेल्यांचा आई मुरंबा करी. हॉर्स चेस्टनटच्या झाडाखालीं काटेरी बोंडें फुटून तकतकीत बिया पडत. त्या दोरींत ओवाव्या आणि आपली बी दुसऱ्याच्या बीवर आपटून ती फोडावी, हा मुलांचा खेळ. बाप त्यांत मुलांहून अधिक रंगून जाई. पाऊस आला म्हणून कोणी परतत नसे. पाऊस थांबण्याची वाट पाहावी तर त्या देशांत बाहेर पडणेंच व्हावयाचें नाहीं. ओले बूट दारांत काढून विस्तवापाशीं बसलें कीं त्या उबेची गोडी बाहेरच्या गारठ्यानेंच वाढलेली असे.

हीं रानें व या शेतांच्या कडा बहुतेक कोणाच्या तरी मालकीच्या असतात. परंतु स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें २००३ सालीं केलेल्या जमीनसुधारणेच्या कायद्यानें, जबाबदारीनें वागणाऱ्या कोणासही बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क दिला आहे, आणि २००५ पासून तो अमलांत आहे. मात्र उभ्या पिकांत शिरणें किंवा तेथील वस्तु व्यापारासाठीं नेणें या हक्कांत बसत नाहीं. ब्रिटनमध्यें जुनी समजूतही अशी आहे कीं, ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या सुमारानंतर ब्रॅम्बलला सैतानाचा स्पर्श होतो, म्हणून तीं वेचूं नयेत. आमच्या यजमानांच्या घरीं सैतानाची गोष्ट कोणी खरी मानीत नसे; पण उरलेलीं फळें पाखरांच्या वांट्यास जात, एवढें खरें. निर्दोष सुख म्हणून जें म्हणतात तें हेंच, असें आम्हांस वाटूं लागलें.

महिन्याच्या मध्यावर शाळांना सुटी लागली. या सुटीस स्कॉटलंडांत अजूनही पुष्कळ ठिकाणीं ‘टॅटी हॉलिडेज’ म्हणजे बटाट्याची सुटी म्हणतात. एका संध्याकाळीं आम्ही सर्व शेतांमधल्या वाटेनें परतत होतों. इतक्यांत गुलाबी पायांच्या रानहंसांचे थवे डोक्यावरून जाऊं लागले. हे पक्षी सप्टेंबरच्या मध्यापासून आइसलंड व ग्रीनलंडकडून येतात, आणि पीक काढलेल्या शेतांत राहिलेलें धान्य व बटाटे खातात. त्यांच्या आवाजानें आकाश भरून गेलें. मुलें आनंदानें ओरडत माना वर करून उभीं राहिलीं. तेव्हां आजोबा सहज म्हणाले, “लहानपणीं हे हंस मीं कधीं पाहिलेच नाहींत.”

“ते तेव्हां येत नव्हते का, आजोबा?” मुलीनें विचारलें.

“येत होते. आवाज ऐकूं येई. पण मान वर केली तर यंत्र फिरून यावयाचें.”

मग त्यांनीं सांगितलें. ही सुटी मुलांना खेळण्यासाठीं मिळत नसे. बटाटे काढण्यास हात हवेत म्हणून मिळे. ट्रॅक्टरमागचें यंत्र सरींतून जाऊन माती उलटून टाकी. शेतकरी पावलांनीं मोजून प्रत्येकास एकेक टप्पा नेमून देई, आणि यंत्र फेरी घेऊन परत येण्यापूर्वीं त्या टप्प्यांतील सर्व बटाटे टोपल्यांत भरावे लागत. दिवसभर पाठ वांकलेली, बोटें थंड चिखलानें बधिर झालेलीं. मजुरी आईच्या हातीं द्यावयाची. तींतून हिंवाळ्याचे बूट येत. “तरी आम्ही रात्रीं आपल्या घरीं निजत होतों,” आजोबा म्हणाले. त्यांचा रोख कोणाकडे होता तें आम्हांस ठाऊक होतें. आयर्लंडांतून दरवर्षीं मजुरांच्या टोळ्या स्कॉटलंडांत बटाटे काढण्यास येत. १६ सप्टेंबर १९३७ रोजीं कर्किंटिलॉख येथें अशा एका टोळीच्या निजावयाच्या जागेस पहाटेच्या सुमारास आग लागून अॅखिल बेटावरचे १० जण जळून मेले. सर्वांत लहान मुलगा १३ वर्षांचा होता आणि सर्वांत मोठा तरुण २३ वर्षांचा.

त्या रात्रीं मुलें निजल्यावर सुनेनें सासऱ्यांस सौम्यपणें पण स्पष्ट विचारलें, “मुलांच्या सुटीच्या दिवसांत हें त्यांना कशाला सांगावें? तुम्हीं सोसलें तें तुमच्या नातवंडांस सोसावें लागूं नये म्हणूनच ना? मग त्यांचा आनंद त्यांना निखळ मिळूं द्या.” आजोबा कांहीं बोलले नाहींत. आम्हांसही त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. कारण त्या माउलीच्या म्हणण्यांत प्रेम होतें आणि बरेंच तथ्यही होतें.

पुढच्या रविवारीं आम्ही डोंगरांतील एका दरींत गेलों. चढणीवर गुडघाभर उंचीच्या दगडी भिंतींचा एक चौकोन होता, वर छप्पर नाहीं, आंत गवत. आणि शेजारीं लालभडक फळांनीं लगडलेलें रोवनचें झाड. दारीं रोवन असला कीं अमंगळ घरांत शिरत नाहीं, अशी तेथील लोकांची जुनी श्रद्धा आहे. म्हणून असें एकटें झाड दिसलें कीं जवळपास पडकें घर आढळण्याचा संभव असतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापलीकडेपर्यंत, मुख्यतः मेंढ्यांच्या चराऊ रानांसाठीं, जमीनदारांनीं डोंगरी मुलखांतील हजारों कुळांस उठविलें. उत्तरेकडील सदरलंड परगण्यांत स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यांत १८१४ व १८१९ सालीं लोकांना घराबाहेर काढून घरें जाळण्यांत आलीं. त्यांपैकीं पहिल्या प्रसंगाबद्दल पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ सालीं इन्व्हर्नेस येथें खटला झाला व तो निर्दोष सुटला. लॉख टे या सरोवराच्या आसपासचींही पुष्कळ कुळें त्या शतकांत देशोधडीस लागलीं. ज्या शांततेसाठीं आपण त्या दऱ्यांत जातों तिचा कांहीं भाग तरी अशा रीतीनें माणसें गेल्यामुळें आलेला आहे. मुलगी त्या भिंतीवर चढून जेलीसाठीं रोवनचीं फळें तोडीत होती. तिला खालीं उतर म्हणावें कीं तोडूं द्यावें, हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला. आणि तोच आमच्या या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नास दोन उत्तरें सोपीं आहेत, आणि आमच्या मतें दोन्ही चुकीचीं आहेत. पहिलें उत्तर विस्मरणाचें: झालें तें झालें, फळें आज पिकलीं आहेत, तीं खावींत. दुसरें उत्तर विरक्तीचें: दुसऱ्याच्या दुःखावर उभें असलेलें सुख भोगणें हेंच पाप, तें टाकावें. दुसरें उत्तर अधिक उदात्त वाटतें. परंतु त्यानें उठविलेल्या एकाही कुळास घर परत मिळत नाहीं, कीं वांकलेली एकही पाठ सरळ होत नाहीं. जगांतलें एक आनंदी मूल मात्र कमी होतें. शिवाय सुख टाकणाऱ्यास आपण हिशेब चुकता केला असा भास होतो, आणि हा भास फार घातक आहे.

विस्मरणाचा दोष याहून सूक्ष्म आहे. आपणांस मिळालें तें निसर्गतःच आपलें होतें, असें ज्या मुलास वाटूं लागतें, त्यास तेंच सुख दुसऱ्या कोणापासून हिरावलें जात असतां दिसेनासें होतें. आजोबांनीं हंस पाहिले नाहींत याचें कारण हंस नव्हते असें नाहीं. त्यांना मान वर करण्याची फुरसत नव्हती. नातीला ती फुरसत मिळाली ती आपोआप नव्हे. कोणी कायदे केले, कोणी यंत्रें केलीं, कोणी कष्ट करून मुलांस शाळेंत ठेविलें, तेव्हां ती मिळाली. हें जिला ठाऊक नाहीं ती मोठेपणीं दुसऱ्या मुलाची वांकलेली पाठ पाहून सहज पुढें निघून जाईल.

स्कॉटलंडचाच तत्त्वज्ञ अॅडम स्मिथ यानें १७५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, आपल्या वर्तनाची पारख मनांतील एका निःपक्षपाती साक्षीच्या दृष्टीनें करावी. आम्ही त्यांत थोडी भर घालूं इच्छितों. सुखाच्या बाबतींत तो साक्षी अगदीं तटस्थ असून भागत नाहीं. ज्यानें मोल दिलें त्याच्या डोळ्यांनीं आपल्या सुखाकडे पाहतां आलें पाहिजे. त्यास आपण समोर बसवून घेतलें असतां जें सुख लाजेनासें होतें तें निर्दोष. ज्याला तोंड लपवावें लागतें तें सदोष. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्रांत त्यागपूर्वक भोगण्याचा जो उपदेश आहे, त्याचा अर्थ भाष्यकार अनेक परींनीं करतात. आम्हांस त्यांतून एवढें घ्यावेंसें वाटतें कीं, भोगावें, पण मालक होऊन भोगूं नये.

हें बोलणें अति गंभीर वाटत असेल, तर मुलांनीं तें फार सहजपणें आचरिलें, तें सांगतों. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळ होतांच मुलगी आजोबांचा कोट घेऊन आली आणि म्हणाली, “चला आजोबा, हंस यावयाची वेळ झाली. आतां तुम्हांला वेळ आहे.” मग महिना संपेपर्यंत तीं दोघें रोज त्या शेताच्या कडेस जाऊन उभीं राहत. तिच्या आनंदांत कांहीं उणें झालेलें आम्हांस तरी दिसलें नाहीं. आईनेंही एकदां खिडकींतून त्यांच्याकडे पाहिलें, आणि पुन्हां तो विषय काढला नाहीं. ऑक्टोबरच्या ३१ तारखेस तेथें मुलें सोंगें घेऊन घरोघर जातात. पण जुन्या रीतीप्रमाणें खाऊ नुसता मिळत नाहीं, आधीं गाणें, कविता किंवा गंमतीची गोष्ट म्हणून दाखवावी लागते. फुकट घेऊं नये हें शिकविण्याची ही रीत आम्हांस फार आवडली.

स्वदेशीं परतल्यावर उन्हाळ्यांत आम्ही मुलांस घेऊन घाटांत गेलों. मुलें जाळींत शिरून करवंदें खाऊं लागलीं. आणि पलीकडे रस्त्याच्या वळणावर एक बाई पानांच्या द्रोणांत तींच करवंदें विकीत उन्हांत बसली होती. पूर्वीं आम्ही तिच्याजवळ भाव करून पुढें गेलों असतों. या खेपेस मुलांना तिच्यापाशीं नेलें, आणि हीं करवंदें कोठून व किती वाजतां उठून आणलीं, तें विचारलें. तिनें सांगितलें: उजाडण्यापूर्वीं निघावें लागतें, जवळच्या जाळ्या आधींच सहलीला येणाऱ्यांनीं रिकाम्या केलेल्या असतात. आमचा धाकटा आपल्या जांभळ्या हातांकडे पाहूं लागला. त्यास आम्ही रागें भरलों नाहीं, कीं करवंदें खाऊं नकोस असेंही म्हटलें नाहीं. मात्र परततांना वाटेवरची एक भरलेली जाळी दिसली, तेव्हां ती तशीच ठेवावी असें मुलांनींच ठरविलें.