कडी आतल्या बाजूला हवी

आपण टीव्ही पाहतो, तेव्हा टीव्हीही आपल्यावर नजर ठेवून असू शकतो. अमेरिकेत २०१७ साली व्हिझिओ या कंपनीला सरकारी कारवाईनंतर २२ लाख डॉलर भरावे लागले. तिचे सुमारे १ कोटी १० लाख टीव्ही पडद्यावरचे ठिपके टिपून, घरात काय पाहिलं जातंय याची सेकंदासेकंदाची नोंद कंपनीला पाठवत होते. केबल असो की स्वतः लावलेली डीव्हीडी, काहीच सुटत नव्हतं. घरच्यांची संमती न घेता जमवलेली ही माहिती पुढे विकलीही गेली.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. हक्क मिळाला, पण तो घरात वापरायचा कसा?

सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीची ही टेहळणी ‘बंद’ केली, तरी ती बंदच राहील याची हमी आपल्या हाती नसते. एखाद्या अपडेटनंतर सेटिंग बदलू शकतं. म्हणून काही जण थेट मुळावर घाव घालतात. अनेक टीव्हींच्या मागच्या झाकणाआड वाय-फायची दोन बोटांएवढी वेगळी पट्टी असते आणि ती एका बारीक केबलने मुख्य बोर्डाला जोडलेली असते. ती केबल काढली की टीव्ही चालतो, चित्र दिसतं, आवाज येतो; फक्त वाय-फायवरून बाहेर काही जात नाही. घराच्या दाराची कडी आतून असते, तसंच हे आहे: उघडायचं की नाही, ते घरातल्यांनी ठरवायचं.

अर्थात, हे काम जाणकार मेकॅनिकचंच. प्लग काढल्यावरही टीव्हीच्या पॉवर बोर्डात वीज साठून राहते. शिवाय वॉरंटी जाऊ शकते, ब्लूटूथचा रिमोट बंद पडू शकतो, आणि काही टीव्हींत वाय-फायची चिप मुख्य बोर्डावरच पक्की बसवलेली असते. पण टीव्हीला घरच्या वाय-फायचा पासवर्डच न देणं तर कुणालाही जमेल.

सोय हवीच; पण तिची किंमत म्हणून घरातल्या बोलण्या-वागण्याची माहिती द्यायची का, हे आपण ठरवलं पाहिजे. नवं उपकरण घरी आलं की वाय-फायचा पासवर्ड टाकण्याआधी क्षणभर थांबा. त्याच्या कामाला इंटरनेट लागतं का, हे आधी विचारा. लागत नसेल, तर ते जोडूच नका.