पोळा आणि पद्मिनी

आमच्याकडे फियाट होती. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. पण घरात, गल्लीत, गॅरेजमध्ये तिला त्या नावानं कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. पावसाळ्यातल्या सकाळी ती हमखास रुसायची. वडील चोक ओढायचे, दोन-तीनदा सेल्फ मारायचे आणि मग आम्हा भावंडांना हाक यायची, "चला रे, धक्का!" खंबाटकीच्या घाटात रेडिएटर तापला की बॉनेट उघडून कडेला बसायचं आणि दशम्यांचा डबा सोडायचा, हे ठरलेलंच. ती विकली त्या दिवशी चोक नेमका किती ओढायचा हे वडील गिऱ्हाइकाला सांगत राहिले. त्यानं किल्ली घेतली, गाडी सुरू केली, तरी खिडकीशी वाकून त्यांचं सांगणं चालूच होतं.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस संपली. शेवटची नोंदणी २००३ची, टॅक्सीचं वय वीस वर्षं. हिशेब साधा होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीसाठी बरीच हळहळ व्यक्त झाली. मीही हळहळलो. मागाहून जाणवलं की हळहळणारे आम्ही बहुतेक मागच्या सीटवरचे. स्टिअरिंगखालचा तो दांड्याचा गिअर, पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, मे महिन्यातली दादरची कोंडी आणि बारा तासांची पाळी, हे ज्याच्या खांद्यांनी सोसलं त्याला आम्ही कधी विचारलं होतं?

खांद्यांवरून आठवलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू ओढून निबर झालेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं. झूल, बाशिंग, मिरवणूक हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. मला आदल्या संध्याकाळचं हे चोळणं जास्त मोलाचं वाटतं. त्यात कौतुकापेक्षा ऋणाची कबुली अधिक आहे. आता कित्येक गावांत पोळ्याला ट्रॅक्टरलाही हार पडतो. त्याचा खांदा कुठे शोधायचा, हा प्रश्न मात्र राहतोच. (म्हातारा बैल बाजारात नेणारेही आपणच, तेव्हा जुन्या मायेचे गोडवे जरा बेतानंच गावेत.)

पुढच्या पिढीला गाडीची माया लागेल का? विजेवरच्या गाडीला चोक नाही, क्लच नाही, इंजिन ऑइल नाही. तिची काही दुखणी दूरच्या सर्व्हरवरून परस्पर बरी होतात. अमेरिकेत फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या टॅक्सी ड्रायव्हरविना फिरतात. माझी भाची गाडी बोलावते, नंबर पाहून बसते, उतरली की विसरते. यात काही बिघडलं, असं मी म्हणणार नाही. कारण गाडीवरच्या प्रेमाची दुसरी बाजूही आपण रोज पाहतो. बंपरला साधा ओरखडा आला म्हणून भर रस्त्यात कॉलर धरणारा माणूसही गाडीवर प्रेमच करत असतो. वर्षानुवर्षं कव्हर घालून फुटपाथ अडवणारी गाडीही कोणाची तरी लाडकीच असते. म्हाताऱ्यांनी तिला वळसा घालून रस्त्यावर उतरायचं. असली माया आटली तर चांगलंच.

पण हात लागतो तिथे जीव जडतो, ही जुनी खोड यंत्र बदललं म्हणून सुटेल असं वाटत नाही. गेल्या दसऱ्याला रात्री दादरहून घरी येत होतो. गाडी विजेवरची, एका कंपनीची. आत इंजिनाची घरघरसुद्धा नाही. समोर झेंडूचा हार, आरशाला आपट्याची पानं. ड्रायव्हर जुन्नरकडचे, पन्नाशीचे. आधी बरीच वर्षं पद्मिनी चालवलेली. मी विचारलं, "तिची आठवण येते का हो?"

"गुडघ्याला येते," ते म्हणाले आणि हसले.

"आणि ही? हार घातलाय म्हणून विचारतो. गाडी तुमची?"

"नाही हो. कंपनीची. उद्या मला दुसरी देतील, हीच मिळेल असं नाही."

"मग हार?"

सिग्नल पडला होता. त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि डॅशबोर्डवर सांडलेल्या पाकळ्या सावकाश गोळा केल्या. "आज दिवसभर हिनंच कमवून दिलं ना," ते म्हणाले.