आपला धनी आपणच

दुसऱ्याची चाकरी सोडून जो मनुष्य घरीं बसून स्वतःचा धंदा आरंभितो, त्याचें अभिनंदन करतांना त्याचे स्नेही बहुधा एकच वाक्य उच्चारतात : "आतां काय बुवा, तुम्ही तुमचे धनी !" या वाक्यांत हेवा किती आणि कौतुक किती, हें ठरविणें कठीण आहे; परंतु त्यांत एक कोडें आहे, एवढें मात्र खरें. धनी म्हटला कीं त्याला चाकर हवाच. मग आपण आपले धनी झालों, तर चाकर कोण झाला ? उत्तर सरळ दिसतें : आपणच. आणि हा चाकर उशिरां उठूं लागला, तर त्याचा पगार कापून धन्याचेंच नुकसान व्हावयाचें ! गृहोद्योगांतील आत्मशासनाची अडचण म्हणतात ती हीच. तिचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयावर उपदेश करणारे ग्रंथ थोडे नाहींत. पहाटे उठावें, कामाची जागा निराळी ठेवावी, दिवसाचे तास आंखून घ्यावे, मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावा. हा उपदेश खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्याच्या मुळाशीं एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, कचेरीची किंवा कारखान्याची शिस्त तीच खरी शिस्त, आणि घरीं काम करणारानें तीच अंगीं बाणवून घ्यावयाची. इतिहास पाहिला तर ही समजूत फारशी जुनी नाहीं असें दिसतें.

अठराव्या शतकांतील इंग्लंडांत पुष्कळ कापड विणकरांच्या घरींच निघत असे. व्यापारी सूत देई आणि तयार कापड घेऊन जाई. मधल्या दिवसांवर मालकी विणकराची. ई. पी. थॉम्प्सन या इतिहासकारानें १९६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत या लोकांच्या आठवड्याचें मोठें मनोरंजक चित्र काढलें आहे. सोमवारीं माग बंद. या सुटीला ते थट्टेनें 'संत सोमवार' म्हणत. मंगळवारहि पुष्कळदां तसाच जाई. मग आठवड्याच्या शेवटीं दिव्याच्या उजेडांत मागाची धडधड चाले. यांना आळशी म्हणावें काय ? काम तर पुरें होत असे. त्यांचें माप घड्याळाचें नव्हतें, कामाचें होतें. शेतकऱ्याचें आणि कुंभाराचेंहि तेंच असतें.

येथपर्यंत वाचून एखाद्या वाचकास त्या विणकराचा हेवा वाटेल. पण विणकराच्या घरीं एकटा विणकर राबत नसे. बायका सूत कातीत, मुलें कांड्या भरीत. यजमानानें सोमवार मौजेंत घालविला म्हणजे आठवड्याच्या अखेरची धांदल साऱ्या घराची होई. धन्याच्या स्वातंत्र्याची किंमत कोणाच्या झोपेंतून वसूल होते, हा प्रश्न आम्हांस आळसाच्या प्रश्नापेक्षां अधिक महत्त्वाचा वाटतो.

हाच प्रश्न शिस्तप्रिय मनुष्याविषयींहि विचारतां येतो. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यांत नोकरी करीत असे आणि कादंबऱ्या घरीं लिहीत असे. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं छापलेल्या आत्मचरित्रांत त्याची पद्धति त्यानेंच सांगितली आहे. पहाटे साडेपांचला टेबलाशीं बसावयाचें, घड्याळ पुढें ठेवावयाचें, आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहावयाचे. उद्योगी तरुणांना ही गोष्ट आवर्जून सांगण्यांत येते. तिचा दुसरा भाग मात्र गाळला जातो. ट्रॉलपला उठविण्याचें काम एका म्हाताऱ्या मोतद्दाराकडे होतें. तो कॉफी घेऊन येई आणि त्याबद्दल त्याला वर्षाला पांच पौंड अधिक मिळत. आपल्या यशाबद्दल आपण इतर कोणाहीपेक्षां या माणसाचेच अधिक ऋणी असूं, असें ट्रॉलपनें मोकळेपणानें लिहिलें आहे. त्या मोतद्दाराला कोण उठवीत होतें, हें मात्र त्यानें लिहिलेलें नाहीं !

म्हणजे 'आत्मशासन' या शब्दांत 'आत्म' किती आणि शेजारच्या माणसाचें शासन किती, हें पाहिलें पाहिजे. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी लागली आणि कचेऱ्या घरांत शिरल्या, तेव्हां कित्येक घरांत नवरा-बायको दोघेंहि घरून काम करूं लागलीं. दार लावून घेण्याजोगी खोली एकच. ती बहुतेक ठिकाणीं कोणाला मिळाली, आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ कोण बसलें, हें आम्ही सांगावयास नको. पुढें दाराआडच्या माणसाची एकाग्रता वाखाणली गेली, आणि ओट्याजवळच्या माणसाला 'तुला वेळेचें नियोजन जमत नाहीं' असें ऐकावें लागलें. हा न्याय नव्हे.

याहून चांगला नमुना आपल्याकडेच आहे. १९५९ च्या मार्चांत गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन पापडांचा उद्योग सुरू केला. तोच पुढें 'लिज्जत' या नांवानें देशभर पसरला. त्याची रीत साधी आहे. पीठ केंद्रावर मळावयाचें. सभासद बहिणींनीं तें घरीं नेऊन लाटावयाचें, आणि वाळलेले पापड दुसऱ्या दिवशीं परत आणून द्यावयाचे. घरीं कोणत्या तासाला पोळपाट घ्यावा, हें जिचें तिनें ठरवावें. पापड मात्र पारखून घेतले जातात. येथें शिस्त आहे, पण ती स्वतःशीं केलेल्या झगड्याची नाहीं. भिजलेलें पीठ परवापर्यंत थांबत नाहीं, आणि सकाळीं समोर उभी राहणारी बाई धनीण नसून आपल्यासारखीच भागीदार आहे. अशा ठिकाणीं इच्छाशक्तीवर व्याख्यान द्यावें लागत नाहीं. एकट्यानें धंदा करणाऱ्याला केंद्र नसतें हें खरें. पण ठरल्या दिवशीं माल मागणारें गिऱ्हाईक, किंवा आठवड्याचा हिशेब विचारणारा मित्र, एवढें तर त्याला मिळवितां येईल. शंभर निश्चयांपेक्षां असा एक मनुष्य अधिक उपयोगी पडतो, असें आमचें मत आहे.

आतां कोणी म्हणेल, मग घरच्या धंद्यांत मनोनिग्रहाला कांहींच जागा उरली नाहीं काय ? उरली आहे, पण उपदेशक दाखवितात तेथें नव्हे. काम आरंभण्यापेक्षां थांबविण्यास निग्रह अधिक लागतो. कारखान्याला भोंगा असतो. घराला नसतो, आणि गिऱ्हाइकाचा निरोप रात्रीं अकरालाहि मोबाईलवर येतो. दिवाळी जवळ आली कीं घरीं शिवणकाम करणाऱ्या कित्येक बायका दाराशीं पाटी लावतात : 'नवीन कपडे घेणें बंद आहे.' ती लावण्यास किती धैर्य लागतें, हें ब्लाउजाचें कापड हातांत घेऊन शेजारीण दारांत उभी राहते तेव्हां कळतें.