एकसष्टावं घर

आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरात एक वाडी होती. घरं साठ. कडेला एका एकट्या म्हातारीची झोपडी होती, पण हिरड्याच्या वाटेकऱ्यांच्या यादीत ती कुणी धरत नसे. झाडावर चढायला तिच्याकडे माणूसच नव्हता.

एका साली सामाईक झाडांचा बाळहिरडा विकून २४,४०० रुपये आले. वाटणी काही बसेना. घरटी ४०६ दिले की ४० उरत. कुणी म्हणे देवळाला द्या, कुणी म्हणे ज्यानं जास्त झाडं झोडली त्याला द्या. चाळीस रुपयांपायी दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं.

तेव्हा आश्रमशाळेत शिकणारी एक पोर म्हणाली, "कारभारी, ही रक्कम साठांत बसायचीच नाही. अंकांची बेरीज करा, दहा येते. दहाला तिनानं भाग जात नाही, म्हणजे २४,४०० लाही जात नाही. मग साठानं कुठून जाणार?"

ही संख्या तिच्या ओळखीची होती. शाळेची सहल जुन्नर तालुक्यात नाणेघाटाला गेली होती. कोकणात उतरणाऱ्या त्या जुन्या व्यापारी वाटेवरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची त्यात यादी आहे, आणि त्या यादीत २४,४०० कार्षापणही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोरक्याकडे शून्य नव्हतं. त्यानं हजाराच्या खुणेला वीस जोडले, पुन्हा हजाराच्याच खुणेला चार जोडले, मग शंभराच्या खुणेला चार. एवढी मोठी रक्कम तीन खुणांत मावली! 

गुरुजींनी मुलांना तिथंच या संख्येचे अवयव पाडायला लावले होते. चारशेनं भागलं की येतात एकसष्ट. एकसष्ट पुढे फुटत नाही. दोन, तीन, पाच, सात, कुणाचाच भाग जात नाही. आणि आठ आठे चौसष्ट, म्हणजे त्यापुढे शोधायचं कारणच उरत नाही.

"वाटेकरी एकसष्ट धरा," पोर म्हणाली, "घरटी चारशे येतात. पैसाही उरत नाही."

"अगं पोरी, एकसष्टावं घर आणायचं कुठून?"

"आणायचं कशाला? हिरडा वाळला कुणाच्या अंगणात?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. म्हातारीनं भर उन्हात तो हिरडा पसरला होता, खालीवर केला होता, वळवाचं आभाळ आलं की एकटीनं गोळा करून झोपडीत ओढला होता. तिची बोटं अजून काळीच होती.

साठ घरांनी सहा-सहा रुपये सोडले, त्यांचे झाले ३६०. भांडणातले ४० त्यांत घातले. कारभाऱ्यानं वहीत एकसष्टावी ओळ लिहिली आणि चारशे रुपये म्हातारीच्या हातावर ठेवले.

तिनं ते दोनदा मोजले नि म्हणाली, "आता वाटेकरी केलंत ना, मग सांगते. पुढल्या साली ताडपत्री लागेल, आणि अंगणाला दोन माणसं."