टाळ्यांचे ऋण

आमच्या जुन्या जालन्यात लग्नसराई आली की वादकांना उसंत नसते. रविवारच्या मिस्सात गायनवृंदाबरोबर की-बोर्ड वाजवणारा एक तरुण मोसमात वाद्यवृंदासोबत गावोगाव जात असे. गेल्या वर्षी त्याने ते बंद केले. रोज तीच गाणी वाजवून बोटे मेली आहेत, त्यापेक्षा तबला आणि गिटार जवळ आणून उपासनेसाठी नवे काही रचावे, असे त्याने मनाशी घेतले. त्याची आई माझ्याकडे आली. "सर, देवाने कला दिली ती चार पैसे मिळवायला नाही, तर मग कशाला?" मला चटकन उत्तर सुचले नाही.

त्या दिवसापासून गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांची वाटचाल मनात घोळते आहे. १९५३ साली जन्मलेला, शिवोलीचा हा कलावंत मुंबईत वास्तुकला शिकला आणि गाण्याकडे वळला. रॉक, गोव्याची लोकगीते, पोर्तुगीज ढंग, भारतीय सूर, सारे त्याच्याकडे एकाच पंगतीला बसते. १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत त्याने घरीच मुद्रित केली, वाद्येही बहुतेक स्वतःच वाजवली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन विकली. पुढे अमली पदार्थांविरुद्धची गाणी आली, 'जलवा' चित्रपट आला, पेप्सीची जाहिरात आली. १९९५ मध्ये 'बॉम्बे'तल्या 'हम्मा हम्मा'ने तर घराघरात पाय ठेवला. १९९८ साली 'प्यार तो होना ही था'चे शीर्षकगीतही त्याच्याच गळ्यातले. त्या वेळी वाटले असते, आता हा मुंबईचाच झाला.

तो झाला नाही. चित्रपटांची गाणी विरळ होत गेली आणि तो आपल्याच सुरांमागे निघाला. मदर तेरेझांवर त्याने संगीतिका रचली. २००७ साली पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याने पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरी बिऱ्हाड केले. ज्यांनी त्याच्यावर जीव लावला त्यांतले पुष्कळ जण अजून 'हम्मा'च मागतात.

श्रोत्यांच्या टाळ्यांचे ऋण कलावंताने किती काळ फेडायचे? मत्तयाच्या शुभवर्तमानातील तालंतांचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. जो आपला तालंत पुरून ठेवतो तो दोषी. त्या माउलीच्या मनात तोच दृष्टांत असणार. परंतु पुरणे म्हणजे नेमके काय? बाजारात न नेणे, की तीच एक वस्तू जन्मभर बाजारात मांडत राहणे? दृष्टांतातल्या त्या चाकराने धन्याच्या भीतीने तालंत मातीत ठेवला. गाजलेल्या चालीबाहेर पाऊल न टाकणाऱ्याच्या पोटातही भीतीच असते.

आम्ही जालनेकर बियाण्यांच्या गावचे. संकरित वाणाचे पीक पहिल्या वर्षी डोळ्यांत भरते; पण त्याच कणसातला दाणा राखून पुन्हा पेरला तर पुढल्या वर्षी तसे पीक येत नाही, हे इथले शाळकरी पोरही सांगेल. गाजलेल्या गाण्याचेही मला तसेच वाटते. शेतकऱ्याला निदान नवे बी दुकानात मिळते. गाणाऱ्याने ते कोठून आणावे?

तथापि त्या आईला निरुत्तर करण्याचा माझा इरादा नाही. रेमोंनी आपली वाट धरली तेव्हा नाव पदरी होते. ज्याच्या घरी उद्याच्या पिठाचा प्रश्न आहे, त्याला कलावंताच्या स्वातंत्र्याची प्रवचने देणे हा माझ्यासारख्या निवृत्तिवेतन घेणाऱ्याचा शहाणपणा आहे. आणि लग्नमांडवात वाजवणे यात हलके असे काय? काना गावच्या लग्नाला प्रभू स्वतः गेला होता. तेथे द्राक्षारस सरला ही गोष्ट त्याच्या आईनेच त्याच्या कानी घातली, हेही त्या बाईंशी बोलताना मला आठवायला हवे होते.

मुलाला मी एकदाच विचारले, "तू थकून सोडलेस, की काही सापडले म्हणून?" तो म्हणाला, "सर, अजून सापडलेले नाही." मग त्याने एक चाल ऐकवली. मधेच अडखळली, तालही घसरला. आई दारात उभी राहून ऐकत होती. चाल संपल्यावर तिने विचारले, "पुढचं कधी करणार?"